भाड्याची खोली आणि रुग्णाचा पत्ता

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर केसपेपर काढताना नाव, वय आणि पत्ता या क्रमाने रकाने भरले जातात. नाव व वय लगेच सांगितले जाते. पत्त्यापाशी मात्र पुष्कळदा थांबावे लागते. "गावचा सांगू का इथला?" असा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक विचारतात. गाव मोताळा, लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातले असते, आणि 'इथला' पत्ता म्हणजे कोणाच्या तरी घरामागे घेतलेली भाड्याची एक खोली असते. बहुतेक वेळा गावचाच पत्ता लिहिला जातो, कारण शिधापत्रिकेवर, मतदार ओळखपत्रावर आणि आधारपत्रावर तोच छापलेला असतो. रुग्ण बरा होऊन परततो तो मात्र खोलीवर.

प्रस्तुत लेख या खोलीविषयी आहे. धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात घरभाड्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही सुहृदांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, रुग्णाच्या हाती औषधोपचारासाठी किती पैसा उरतो, तो कोणत्या हवेत व कोणत्या पाण्यावर राहतो, आणि घरी गेल्यानंतर आपल्याला तो पुन्हा सापडतो की नाही, या तिन्ही गोष्टी त्याच्या निवाऱ्यावर अवलंबून असतात. आपल्या जिल्ह्यातील निवासाची परिस्थिती समजावून घेण्याचा आणि त्यातून आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्याजोग्या काही साध्या गोष्टी सुचविण्याचा हा प्रयत्न आहे.

जिल्ह्याची वस्ती

२०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ इतकी नोंदली गेली. २००१ मध्ये ती २२,३२,४८० होती. म्हणजे दहा वर्षांत साडेतीन लाखांहून अधिक माणसांची भर पडली. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर असून त्यात तेरा तालुके आहेत. २०११ मध्ये राज्यातील सुमारे ४५ टक्के लोक नागरी भागात राहत होते. आपल्या जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे २१ टक्केच होते. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरविण्यात आला. त्यामुळे हे आकडे वाचताना मधल्या वर्षांतील बदल ध्यानात ठेवावा लागतो.

जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग आपण नेहमी बोलण्यात करतो. घरांच्या बाबतीतही हा भेद खरा आहे. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही घाटाखालची गावे त्यावर आली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला व तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावी आले होते. कापसाच्या व्यापाराने खामगावात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गोदामे आणि त्यांच्या आश्रयाने कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. १९१० मध्ये श्री गजानन महाराजांनी शेगावी समाधी घेतली. पुढे भाविकांच्या अखंड ओघाने शेगावची वाढ झाली. घाटावर बुलडाणा हे कचेऱ्या, न्यायालये व शिक्षणसंस्थांचे गाव बनले, तर चिखली, मेहकर आणि देऊळगाव राजा ही बाजारपेठेची व रस्त्यांची गावे म्हणून वाढली.

या इतिहासाचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. आपल्या जिल्ह्यात एकही महानगर झाले नाही. सर्वांत मोठे शहर खामगाव, त्याचीही लोकसंख्या २०११ मध्ये ९४ हजारांच्या आसपास होती. बुलडाणा, मलकापूर, शेगाव, चिखली ही सारी पन्नास ते सत्तर हजारांच्या दरम्यान होती. त्यामुळे येथील भाड्याच्या घरांचा बाजार एका ठिकाणी एकवटलेला नाही. तो आठ-दहा गावांत विखुरलेला आहे. मोठ्या गृहसंकुलांचे प्रमाण त्यात थोडे असून मुख्य भरणा खोल्यांचा आहे. घरमालक खाली राहतो व वरचा मजला भाड्याने देतो, किंवा परसात दोन-तीन खोल्या काढतो. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी आणि ओळखीच्या माणसाचा शब्द, एवढ्यावर व्यवहार होतो. भाड्याचे दर कोठे छापले जात नाहीत आणि त्यांची नोंदही फारशी होत नाही.

भाड्याने कोण राहतो

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भागातील अवघी ३.४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. नागरी भागात हे प्रमाण २७.५ टक्के होते. खेड्यात घर पडके असले तरी ते बहुधा स्वतःचे असते. भाडे सुरू होते ते माणूस तालुक्याच्या गावी आल्यावर. म्हणून ग्रामीण जिल्ह्यातील भाडेकरू हा पुष्कळदा घर असलेला, परंतु ते घर भलत्या ठिकाणी असलेला माणूस असतो.

अशा भाडेकरूंचे साधारणपणे पाच वर्ग दिसतात. पहिला वर्ग बदलीच्या नोकरीतील शिक्षक, कर्मचारी, परिचारिका व बँकेतील मंडळींचा. यांना दरमहा ठरलेले वेतन मिळते, अनेकांना घरभाडे भत्ताही असतो. म्हणून घरमालकाची पहिली पसंती यांनाच असते. दुसरा वर्ग विद्यार्थ्यांचा. शेगावी १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले तेव्हापासून तेथे विद्यार्थ्यांच्या खोल्यांची मागणी आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलडाणा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणीही ती वाढणार हे उघड आहे. चार विद्यार्थी मिळून एका खोलीचे जे भाडे देऊ शकतात, ते एका मजुराच्या कुटुंबाला देता येत नाही. त्यामुळे महाविद्यालय आले की त्याच्या आसपासची कमी भाड्याची घरे प्रथम मजुरांच्या हातून जातात.

तिसरा वर्ग अलीकडच्या काळात ठळकपणे दिसू लागला आहे. शेतकरी गावी शेतावर राहतो आणि त्याची पत्नी मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहते. एका शेतीच्या उत्पन्नावर दोन चुली पेटतात. सोयाबीनचा किंवा कपाशीचा भाव पडला की दुसऱ्या चुलीवर प्रथम आच येते. चौथा वर्ग बांधकाम, हमाली, हॉटेल, घरकाम अशा रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबांचा. यांपैकी पुष्कळांची गावी शेती नाही. पाचवा वर्ग संख्येने लहान, परंतु रुग्णालयाला जवळचा आहे. वारंवार उपचार घ्यावे लागतात म्हणून गावाहून येऊन रुग्णालयाजवळ खोली घेणारे वृद्ध आणि दीर्घ आजाराचे रुग्ण यात येतात. राज्यात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण २०११ मध्येच सुमारे १० टक्के झाले होते. मुले पुण्या-मुंबईला व आईवडील गावी, अशी घरे वाढत आहेत, तसा हा वर्गही वाढत जाईल.

भाडे कसे ठरते

एकाच गावात, एकाच आकाराच्या दोन खोल्यांच्या भाड्यात मोठे अंतर का असते, याचा विचार केला तर पहिले कारण पाण्याचे निघते. आपल्या अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या घराला स्वतःची विंधन विहीर व छतावर टाकी आहे त्याचे भाडे अधिक. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विंधन विहिरीचे पाणीही पिण्याजोगे नसते. तेथे गोड्या पाण्याची सोय हीच घराची किंमत ठरते. दुसरे कारण स्वतंत्र संडास-न्हाणीघराचे. तिसरे कारण छताचे. स्लॅबचे घर आणि टिनपत्र्याचे घर यांत भाड्याचा फरक आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत तो फरक भाडेकरूच्या अंगाला जाणवतो. चौथे कारण बसस्थानक, बाजार व शाळा यांपासूनचे अंतर. यांशिवाय अनामत रक्कम आणि विजेचे वेगळे पैसे ही दोन ओझी असतात. जेथे स्वतंत्र मीटर नसते तेथे घरमालक ठरवील तो दर द्यावा लागतो.

मागणी असूनही भाड्याच्या खोल्या पुरेशा का बांधल्या जात नाहीत, हा दुसरा प्रश्न. आपल्या जिल्ह्यात बचत करण्याचा आवडता मार्ग म्हणजे गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन ठेवणे. त्यावर घर बांधण्याची घाई नसते, कारण जमिनीचा भाव वाढेल ही आशा भाड्याच्या लहानशा उत्पन्नापेक्षा मोठी वाटते. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातील मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या चार तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. अशा मार्गाच्या आसपास जमिनीविषयीच्या अपेक्षा घरांच्या गरजेपेक्षा वेगाने वाढतात. परिणामी गावाभोवती मोकळे प्लॉट आणि गावात दाटीच्या खोल्या, असे विसंगत चित्र उभे राहते. देशाच्या पातळीवरही हेच आढळते. २०११ मध्ये भारताच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती.

बांधकामाचा खर्च हेही एक कारण आहे. घाटाखालची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तडे जातात. खोल पायाचा खर्च दोन खोल्यांच्या भाड्यातून निघण्यास वर्षे लागतात. म्हणून मालक एक तर बांधत नाही, किंवा उथळ पायावर टिनपत्र्याची खोली उभी करतो. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात थंड राहत. त्यांची जागा तापणाऱ्या पत्र्याने घेतली आहे.

'परवडणे' म्हणजे काय

घर परवडते की नाही हे ठरविण्याची एक प्रचलित मोजपट्टी अशी आहे की, निवासावरील खर्च उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून अधिक नसावा. तिचा उगम अमेरिकेतील सार्वजनिक घरांच्या धोरणात आहे. तेथे १९६९ मध्ये भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या २५ टक्के ठरविली गेली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्क्यांवर नेण्यात आली. ही मोजपट्टी मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला बरी लागू पडते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला ती फसवी ठरते. ते एका हिशेबाने पाहू.

२०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. महिन्यात २५ दिवस काम मिळाले असे धरले तर एका माणसाची मिळकत ७,८०० रुपये होते. तिचे तीस टक्के म्हणजे २,३४० रुपये. एवढे भाडे दिल्यावर हाती ५,४६० रुपये राहतात. घरात पाच माणसे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ३६ रुपये आले. त्यातून जेवण, कपडे, मुलांच्या वह्या, मोबाइल आणि औषध. याउलट दरमहा ४०,००० रुपये मिळविणाऱ्या कुटुंबाने तीस टक्के म्हणजे १२,००० रुपये भाडे दिले तरी त्याच्याजवळ २८,००० रुपये असतात. टक्केवारी दोघांची सारखीच आहे, परंतु पहिल्या घरात आजारासाठी काही शिल्लक राहत नाही.

भाड्याचा आणखी एक विशेष आहे. किराणा कमी आणता येतो, भाजी टाळता येते, औषधाची मात्रा निम्म्यावर आणता येते. भाडे मात्र निम्मे देता येत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते पूर्ण द्यावे लागते. म्हणून घरात कोणी आजारी पडून मजुरी बुडाली की कात्री प्रथम अन्नाला लागते आणि नंतर औषधाला. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाने गोळ्या मध्येच बंद केल्या तर आपण त्याला निष्काळजी म्हणतो. त्याच्या घरी महिन्याची कोणती तारीख होती, हेही विचारले पाहिजे.

घर आणि आजार

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये निवास व आरोग्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. घरातील दाटी, अति उष्णता व अति थंडी, अपघातास कारण होणारी रचना आणि अपंग व्यक्तींना घरात वावरण्यातील अडचणी या बाबी त्यात आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या मानल्या आहेत. भारतात २०११ मध्ये ३७ टक्के कुटुंबांचे सारे जीवन एका खोलीत चालत होते. ज्या खोलीत स्वयंपाक, तेथेच अभ्यास, तेथेच आजाऱ्याचे अंथरूण.

क्षयरोगाचे जंतू हवेतून पसरतात. खिडकी नसलेल्या दाटीच्या खोलीत एका रुग्णाचा संसर्ग इतरांना होण्याची शक्यता अधिक असते. रुग्णाने वेगळे झोपावे व खोली हवेशीर ठेवावी, हा सल्ला योग्य असला तरी एकाच दाराच्या खोलीत तो अमलात कसा आणावा हे आपण सांगू शकत नाही. नळाला रोज पाणी न आल्याने ड्रम व टाक्या भरून ठेवाव्या लागतात. त्या उघड्या राहिल्या तर डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास त्यात होते. उन्हाळ्यात टिनपत्र्याखाली दुपार काढणाऱ्या वृद्धांना आणि तान्ह्या बाळांना उष्माघाताचा धोका असतो. ज्या खोलीचा संडास अंगणापलीकडे आहे, तेथे खुब्याचे हाड मोडलेल्या आजीबाईंना शस्त्रक्रियेनंतर पाठवताना आपलेच मन धजावत नाही.

याखेरीज एक धोका असा आहे की तो तपासणीत दिसत नाही. क्षयरोगाचा नेहमीचा औषधोपचार किमान सहा महिने चालतो. या काळात भाडेकरू खोली बदलतो, कधी मालकाने सांगितले म्हणून, कधी काम बदलले म्हणून. केसपेपरवर गावचा पत्ता असतो. आरोग्य कर्मचारी गावी जातो तेव्हा "ते तर शहरात राहतात" असे उत्तर मिळते, आणि शहरातील कर्मचाऱ्याच्या यादीत तो रुग्ण नसतो. बाळाच्या लसीकरणाचे, गरोदर मातेच्या तपासणीचे असेच होते. माणूस दोन ठिकाणी राहत असूनही कोणत्याच ठिकाणच्या यादीत नसतो. भाड्याची खोली कागदावर पत्ता म्हणून येत नाही, हे याचे मूळ आहे.

करारनामा का हवा

खोली कागदावर येत नाही, कारण तिचा करारनामाच बहुधा केलेला नसतो. यामागे घरमालकांच्या मनातील जुनी भीती आहे आणि ती निराधार नव्हती. विदर्भात पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा कायदा आणि त्याखालील १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरार संपुष्टात आणण्याची नोटीस देण्यापूर्वीही मालकाला भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. परवानगीचे व नंतर न्यायालयाचे प्रकरण वर्षानुवर्षे चाले. एकदा लिहून दिले की घर गेले, हा समज त्या काळातून आला आहे.

ती व्यवस्था आता राहिलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि जुना कायदा रद्द झाला. नव्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने अथवा अनुज्ञप्तीने देण्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल आणि वाद निर्माण झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उलट मुदतीचा नोंदणीकृत करार असेल तर कलम २४ अन्वये मुदत संपताच मालकाला ताबा परत मिळविता येतो, आणि ताबा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणजे ज्या कागदाला मालक भितो, तोच कागद त्याचे संरक्षण करतो.

अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज सर्वत्र आढळतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून तो रूढ झाला. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक आहे. खर्चाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. समजा, महिना ३,००० रुपये भाडे व १०,००० रुपये अनामत ठरली आणि मुदत अकरा महिन्यांची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामतीवरील १० टक्के दराने येणारे व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का आकारले जाते. ही बेरीज ३४,००० रुपयांच्या आत राहते आणि शुल्क शंभर रुपयांच्या आसपास येते. नगरपालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये. म्हणजे शहरात महिन्याला सुमारे शंभर रुपये पडतात. ही नोंदणी संगणकावरून घरबसल्याही करता येते. भाड्याची लेखी पावती देणे हेही मालकाचे कर्तव्य आहे, आणि थकबाकीसाठी किंवा घर सोडावे म्हणून भाडेकरूचे पाणी अथवा वीज तोडण्यास अधिनियमाने मनाई केली आहे.

धर्मादाय सवलत आणि भाडे

या कागदाचा संबंध आपल्या रुग्णालयाच्या दैनंदिन कामाशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. सध्या निर्धन वर्गासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार रुपये आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे.

उत्पन्नाच्या दाखल्यात घरभाडे वजा केलेले नसते. एका कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ७५ हजार आहे आणि ते स्वतःच्या घरात राहते. दुसऱ्याचे उत्पन्न २ लाख आहे, परंतु त्यातील ४८ हजार रुपये भाड्यात जातात. त्याच्या हाती प्रत्यक्षात १ लाख ५२ हजारच उरतात. नियमाने पहिले कुटुंब निर्धन ठरते व दुसरे ठरत नाही. नियम बदलणे आपल्या हाती नाही. मात्र दुर्बल घटकातील रुग्णाला किती सवलत द्यावी याचा विचार करताना, आणि देणगीदारांनी दिलेल्या साहाय्य निधीतून मदत देताना, भाड्याची पावती पाहता येते. पावतीच नसेल तर रुग्णाच्या शब्दाखेरीज आधार राहत नाही, आणि संकोची माणूस शब्दही टाकत नाही.

स्वतःच्या घराची वाट

भाडेकरू कुटुंबाला अखेर स्वतःचे घर हवे असते. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटरच्या घराची तरतूद आहे. नागरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या पात्र कुटुंबाला केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख अशी मदत ठेवण्यात आली. दोन्हीकडे मुख्य अडचण जागेची आहे. ज्याच्याजवळ जागा नाही, तो घरकुलाच्या यादीत येऊनही बांधू शकत नाही. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या नागरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या परवडणाऱ्या घरांसाठी स्वतंत्र घटक ठेवला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. नगरपालिकांनी तिचा विचार अवश्य करावा.

जागेच्या शोधात असलेली कुटुंबे पुष्कळदा शेतजमिनीचा गुंठाभर, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा तुकडा केवळ इसारपावतीवर घेतात. अशा वसाहतींसाठी शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या विकासास त्याचा लाभ देऊ केला. तथापि नियमितीकरणाच्या भरवशावर आयुष्याची पुंजी लावणे धोक्याचे आहे. जमीन अकृषिक आहे काय, रेखांकन मंजूर आहे काय, सातबाऱ्यावर बोजा आहे काय, आणि पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवरील प्रकल्प असेल तर तो महारेराकडे नोंदलेला आहे काय, या चार गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घर पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत राज्यात २०२१ पासून मिळू लागली, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

सुहृदांना विनंती

या संस्थेचे सभासद, देणगीदार व हितचिंतक यांपैकी अनेकांच्या मालकीची घरे भाड्याने दिलेली आहेत. रुग्णालयाला आपण दिलेली देणगी बहुमोल आहे. तिच्या जोडीला तीन गोष्टींची विनंती करावीशी वाटते. आपल्या भाडेकरूशी नोंदणीकृत करार करावा व दरमहा पावती द्यावी. खोलीला समोरासमोर दोन झरोके, झाकणाची पाण्याची टाकी आणि शक्य तर पत्र्याखाली उष्णतारोधक आच्छादन द्यावे. यांचा खर्च एकदाच होतो. आणि भाडेकरूच्या घरी कोणी आजारी असेल, तर उपचार पुरा होईपर्यंत त्याला खोली सोडावयास सांगू नये. एखाद्या महिन्याचे भाडे दोन हप्त्यांत घेतल्याने रुग्णाची औषधे चालू राहतील.

रुग्णालयानेही आपला वाटा उचलला पाहिजे. केसपेपरवर पत्त्याचा एकच रकाना न ठेवता कायमचा पत्ता व सध्याचे राहण्याचे ठिकाण असे दोन रकाने असावेत. दीर्घ उपचाराच्या रुग्णाला प्रत्येक भेटीत "खोली बदलली का?" असे विचारावे. समाजसेवा अधीक्षकांनी साहाय्याचा अर्ज भरून घेताना भाड्याची नोंद करावी. घरी पाठविण्यापूर्वी छत, पाणी व संडास यांविषयी चार प्रश्न विचारून त्यानुसार सल्ला द्यावा. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी इमारतही लागत नाही.

नोंदणी खिडकीवर पुढच्या वेळी कोणी "गावचा सांगू का इथला?" असे विचारले, तर "दोन्ही सांगा" असे उत्तर मिळावे. त्या दुसऱ्या पत्त्यावर माणूस खरोखर राहतो आणि त्याचा आजार बरा होतो की बळावतो हे तेथेच ठरते.